तळ्यांतील मासळी व मापाचा नियम

ज्वारी दाट उगवली म्हणजे विरळणी करावी लागते, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. दाटींतील रोपें जगतात खरीं. पण एकाहि ताटास भरदार कणीस लागत नाहीं. तळ्यांतील मासळीचीहि तीच गोष्ट आहे. तथापि मासळी वाढवावयाची म्हटलें कीं ‘लहान मासे मारूं नका’ एवढाच उपाय लोकांस सुचतो. हा उपाय कोठें लागू पडतो व कोठें उलटतो, हें अमेरिकेंतील क्रॅपी नांवाच्या माशाच्या उदाहरणानें पाहूं.

क्रॅपी हा गोड्या पाण्यांतील, चपट्या अंगाचा, रुपेरी व काळसर ठिपक्यांचा मासा. तो चवदार असल्यामुळें तेथील लोक हौसेनें गळ टाकून धरतात. वसंतऋतूंत उथळ पाण्यांत मादी हजारों अंडीं घालते व नर त्यांची राखण करतो. परंतु एका वर्षीं पिलांचा सुकाळ तर दुसऱ्या वर्षीं दुष्काळ, असा याचा प्रकार आहे. म्हणून अमुक इंचांहून लहान क्रॅपी सांपडल्यास परत पाण्यांत सोडावा, असे नियम अनेक ठिकाणीं झाले. टेक्सास राज्यानें सर्वसाधारणपणें १० इंचांची मर्यादा व एका माणसास दिवसाला २५ माशांची मोजदाद ठरविली.

आतां हिशेब पाहूं. माशाचें वजन सुमारें लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून ८ इंची माशाहून १० इंची मासा लांबीनें सव्वापट, पण वजनानें जवळजवळ दुप्पट भरतो. समजा, एका तळ्यांत ८ इंची १,००० मासे राखले. खाणें मुबलक असल्यामुळें ते एका वर्षांत १० इंचांचे झाले व तेवढ्यांत शेंकडा ३० आपोआप मेले. उरले ७००, पण त्यांचें वजन पूर्वीच्या १,४०० माशांइतकें झालें. येथें नियम फायद्याचा. दुसऱ्या तळ्यांत दाटी आहे, तेवढीच वाढ होण्यास दोन वर्षें लागतात व दरसाल निम्मे मासे मरतात. दोन वर्षांअखेर २५० च उरले व वजन ५०० माशांइतकें भरलें; म्हणजे राखणीनें निम्मी मासळी गमावली. शिवाय लहान मासे काढणें बंद झाल्यामुळें दाटी तशीच राहून सर्वांचीच वाढ खुंटते. अशा ठिकाणीं मर्यादा उतरविणें किंवा अजिबात काढणें हेंच शहाणपणाचें.

वरील आंकडे समजुतीपुरते आहेत. खरे आंकडे तळ्यांतूनच काढावे लागतात. तेथील मत्स्यखात्याचे लोक मासे धरून मोजतात व तोलतात. माशाच्या कानांत खड्यासारखा कठीण तुकडा असतो. त्यावर, झाडाच्या खोडांत उमटतें तसें, वर्षास एक वलय उमटतें. त्यावरून वय समजतें. वय व लांबी शेजारीं मांडली कीं वाढ समजते. कोणत्या वयाचे किती मासे उरले यावरून मरणाचें प्रमाण निघतें. आणि लोकांच्या टोपल्या पाहून गळास किती लागले तें कळतें. या तीन गोष्टी हातीं आल्यावर मगच माप ठरवावयाचें.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना एके सालीं एका गांवची आणेवारी शेतांत कापणी न करतां, मागील कागदांवरून चावडींत बसून मांडली. पीक बुडालें होतें. कागदावर मात्र तें उभें राहिलें. शेतकऱ्यांची साऱ्याची सवलत हुकली. ती चूक आमच्या हातची होती व ती आम्ही विसरलों नाहीं. न मोजतां केलेला तळ्याचा नियम हीहि चावडींतली आणेवारीच होय.

एकदां केलेला नियम बारा महिने लागू पडेल असेंहि नाहीं. टेक्सासमधील लेक फोर्क व लेक ओ द पाइन्स या जलाशयांत हिवाळ्यांत क्रॅपी खोल पाण्यांत जातो. तेथून ओढून वर आणतांना पाण्याचा दाब कमी होऊन त्याच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते, आणि तो परत सोडला तरी पुष्कळदां मरतो. म्हणून तेथें १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर मापाची मर्यादा उठविली, व सांपडलेला प्रत्येक मासा २५ च्या मोजणींत धरून घरीं नेण्याचा नियम केला.

आपल्याकडे हा नियम जसाचा तसा उचलूं नये. कटला, रोहू व मृगळ सांचलेल्या पाण्यांत सहसा वीत नाहींत. त्यांचें बीज सोडावें लागतें. तेव्हां तेथें दाटी किती ठेवावी हें सोडणाराच्या हातीं असतें. परंतु १९५२ सालीं आपल्या देशांत आणलेला तिलापिया तळ्यांत आपोआप वितो व दाटीनें खुरटतो. त्याचीं पिलें दया म्हणून राखणें म्हणजे विरळणी टाळणें होय. शिवाय जाळ्यांत गुदमरलेला मासा परत सोडून जगत नाहीं. म्हणून जाळ्याचीं भोकें केवढीं ठेवावीं याचा विचार आधींच करावा.

ज्यांनीं गांवचें तळें मक्त्यानें घेतलें असेल, त्यांनीं एक वही, एक पट्टी व एक तराजू जवळ ठेवावा. प्रत्येक ओढीस पन्नास मासे मोजून व तोलून तारीखवार नोंद करावी. दोन वर्षांची नोंद जमली म्हणजे कोणता मासा राखावा व कोणता काढावा, हें ती वहीच सांगेल.