विद्यापीठाची निवड : एका जामीनदाराचे अनुभव

कोणते विद्यापीठ निवडावे, या प्रश्नाला आपल्याकडे फार जुना इतिहास नाही. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर कितीतरी दशके या प्रांतातील विद्यार्थ्यापुढे ‘कोणते’ हा प्रश्न नव्हताच. ‘जाता येईल की नाही’ एवढाच काय तो होता. 1923 साली नागपूरला आणि 1949 साली पुण्याला विद्यापीठ आले, तरीही बहुतेकांची निवड जन्मगावाने आणि आगगाडीच्या मार्गानेच ठरत असे. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, पुढे अभिमत आणि खाजगी विद्यापीठे आली, आणि निवड व निवडीची किंमत या दोन्ही गोष्टी एकदमच सामान्य कुटुंबाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांपैकी पहिलीचे स्वागत आपण मोठ्या उत्साहाने केले. दुसरीशी मात्र आपली ओळख बहुधा बँकेच्या मेजावर होते.

माझी स्वतःची ती तशीच झाली. माझे आयुष्य जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेले, त्यामुळे आमच्या घरात कोणताही आकड्यांचा कागद शेवटी माझ्यापुढे यावा असा अलिखित रिवाज आहे. 2019 साली माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या प्रवेशाचे कागद माझ्यापुढे आले, ते मात्र सल्ल्यासाठी नव्हे, तर शैक्षणिक कर्जाच्या जामीनपत्रावर सही करण्यासाठी. निवड आधीच झालेली होती. एकीकडे परजिल्ह्यातील एक जुने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते. तेथे यंत्र अभियांत्रिकीची जागा मिळत होती आणि निम्मी शुल्कमाफी धरता वर्षाचा खर्च काही हजारांत भागत होता. दुसरीकडे एक खाजगी विद्यापीठ होते. तेथे संगणक शाखा होती, भव्य प्रांगण होते, आणि वार्षिक शुल्क तीन लाखांच्या घरात असले तरी गुणवत्तेबद्दल त्यात एक चतुर्थांश सूट दिल्याचे अभिनंदनपत्रही होते. पोरीला संगणक हवा होता, भावजयीला पोर जवळ हवी होती, आणि भावाला, तो जरी बोलला नाही तरी, त्या अभिनंदनपत्राचा अभिमान वाटत होता. तिघांचीही इच्छा अयोग्य होती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

बँकेने जो पहिला धडा दिला तो जमिनीविषयीचा होता. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास तारण लागते. आणि ‘आपली दोन एकर बागायत आहे की’ असे ज्या आत्मविश्वासाने भाऊ म्हणाला, त्या आत्मविश्वासाला शाखाधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने सुरुंग लावला. शेतजमिनीवर बँकेला इतर स्थावरासारखी जप्तीची कारवाई सहजी करता येत नाही, म्हणून असल्या कर्जाला तिचे तारण घेण्यास बँका नाखूश असतात. राहिले गावठाणातील घर. ते अद्याप आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही. परिणामी कर्ज साडेसात लाखांवरच थांबवावे लागले, चार लाखांवरील कर्जाला लागणारा त्रयस्थ जामीनदार म्हणून मी सही केली, आणि उरलेल्या रकमेसाठी भावाने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली. घर आणि जमीन असलेला मनुष्य कागदोपत्री निर्धन कसा ठरतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने जून महिन्यात कोणत्याही राष्ट्रीयीकृत बँकेत तासभर बसून यावे.

दुसरा धडा वर्षभराने मिळाला. सवलतीचे ते अभिनंदनपत्र गुळगुळीत जाड कागदावर, सोनेरी बोधचिन्हासह छापलेले होते. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काही कलमे होती. त्यांतील एकात असे नमूद होते की, ही सवलत पुढील वर्षी चालू राहण्यासाठी श्रेणीची सरासरी किमान 8 असावी. पुतणीची सरासरी 7.6 भरली. पहिल्या वर्षी गणित आणि विद्युत्शास्त्र या दोन विषयांत तिची थोडी त्रेधा उडाली होती, जशी पुष्कळांची उडते. ती काही नापास झाली नव्हती, वर्गात तिचा क्रम बरा होता. परंतु शुल्काची मागणी आली ती पुऱ्या रकमेची. विद्यापीठाने कोणताही नियम मोडला नव्हता, हे मी हिशेबनीस या नात्याने मान्य करतो. मात्र जे कलम पुढील तीन वर्षांचा जमाखर्च ठरविते, ते पत्राच्या पाठीमागे आणि अभिनंदन तेवढे पुढे, या मांडणीला मी प्रामाणिक म्हणणार नाही. ती तूट भावजयीच्या पाटल्यांनी भरून काढली.

येथवरची हकीकत पैशाची झाली, आणि ती कोणी ‘चालायचेच’ म्हणून सोडूनही देईल. मला जे सांगावयाचे आहे ते त्याच्या पुढचे आहे. तिसऱ्या वर्षी पुतणीच्या ध्यानात आले की आपले मन आज्ञावली लिहिण्यात रमत नाही. जे गणित पहिल्या वर्षी छळत होते, त्याचीच तिला गोडी लागली होती. ती एकदा मला म्हणाली, “काका, मला एम.एस्सी. करावंसं वाटतंय, पण हप्ता सुरू होईल ना?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज ती हिंजवडीत नोकरी करते, हप्ता वेळेवर भरते, आणि सुखवस्तू दिसते. तिला कोणी दुर्दैवी म्हणणार नाही. परंतु विसाव्या वर्षी आपला कल बदलला हे ओळखूनही त्यानुसार वागण्याची मोकळीक तिला राहिली नव्हती, ही गोष्ट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार माझ्या बहिणीच्या मुलाचा. त्याने एका नामांकित जुन्या महाविद्यालयाच्या केवळ नावासाठी धातुशास्त्र घेतले. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, असा त्याचा बेत होता. शाखाबदल हा रिक्त जागांवर आणि वरच्या गुणांवर अवलंबून असतो. तो त्याला मिळाला नाही. वर्षभर तो खिन्न होता. पण डोक्यावर कर्ज नसल्यामुळे त्याने सुटीत कोल्हापूरच्या एका ओतशाळेत बिनपगारी उमेदवारी केली, तेथे वितळलेले लोखंड साच्यात पडताना पाहिले, आणि हाच विषय त्याला आवडू लागला. आज तो त्याच व्यवसायात आहे. मला असे वाटते की विषयाची निवड त्याचीही फसलेलीच होती. फरक एवढाच की त्याला फसण्याची ऐपत होती.

म्हणूनच खर्च, नाव आणि विषय या तिहींना एकाच तागडीत घालून तोलण्याची जी पद्धत सर्वत्र दिसते ती मला मान्य नाही. विषय चुकला तर पुढे सुधारता येतो, नावाचे तेज पहिल्या नोकरीनंतर ओसरते, परंतु ही सुधारणा करण्याची मुभा शिल्लक राहील की नाही हे खर्च ठरवितो. यास्तव तो प्रथम पाहावा, आणि एका वर्षाचा नव्हे तर कर्जफेडीपर्यंतचा पाहावा. समजा, वर्षाला 2 लाख याप्रमाणे चार वर्षांत 8 लाखांचे कर्ज 10 टक्के दराने घेतले. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोक ही मुदत फुकटची समजतात. वस्तुतः त्या काळात सरळ व्याज चढतच असते, आणि प्रत्येक रक्कम वर्षारंभी उचलली असे धरले तर ते 2 लाख 80 हजार होते. मग 10 लाख 80 हजारांची फेड दहा वर्षांत करावयाची म्हणजे महिना सुमारे 14,300 रुपये, एकूण 17 लाखांहून अधिक. शिक्षण चालू असतानाच जमेल तसे व्याज भरत राहिले तर हा डोंगर बराच खाली येतो, आणि पुष्कळ बँका त्याबद्दल दरात 1 टक्का सूटही देतात. 2024 सालच्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलतही आहे. परंतु ती शासनाने निवडलेल्या संस्थांपुरतीच असल्याने, आपली संस्था त्या यादीत आहे काय हे आधी पाहावे.

खर्चाचा दुसरा भाग प्रवेशाच्या मार्गाशी निगडित आहे, आणि येथे सुशिक्षित पालकही गोंधळतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्कसवलत, जी 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका करून देते, ती शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांना मिळते. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात, व्यवस्थापनाच्या कोट्यातून बसलेल्या विद्यार्थ्यास ती मिळत नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना तर ही योजना लागूच नाही. 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्नाच्या याच मर्यादेत, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी झाली. तिलाही हाच दंडक आहे. तेव्हा ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांच्यासाठी दोन विद्यापीठांतील अंतर माझ्या पुतणीच्या वेळेपेक्षा आज पुष्कळ वाढले आहे. शुल्क नियामक प्राधिकरण दर ठरविते तेही खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे, अभिमत विद्यापीठांचे नव्हे.

प्रतिष्ठेविषयी थोडेच लिहितो, कारण तिच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 चे, माटुंग्याची व्हीजेटीआय 1887 ची, रसायन तंत्रज्ञानाची संस्था 1933 ची. यांचे नाव पिढ्यांनी कमावलेले आहे आणि त्याला मान दिलाच पाहिजे. परंतु नाव असते ते बहुधा काही विभागांनी मिळविलेले, आणि आपला मुलगा बसणार असतो दुसऱ्याच विभागात. घराणे पाहून सोयरीक जुळवावी आणि वर कोण हे विचारूच नये, तशातली ही गत. क्रमवारी संस्थेची लागते, नॅकचे मानांकनही संस्थेला मिळते; एनबीएचे मूल्यांकन मात्र शाखानिहाय होते, म्हणून आपल्या शाखेला ते आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, एवढे विचारावे. त्याहून उत्तम म्हणजे सत्र चालू असताना एक दिवस स्वतः जाऊन त्या विभागाच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहावे. यंत्रांवर धूळ आहे की तेलाचे डाग, आणि नियमित अध्यापक किती व तासिका तत्त्वावरचे किती, हे शिपायालाही माहीत असते आणि तो सांगतो. ही कसोटी स्वस्त संस्थेलाही लावावी. शासकीय महाविद्यालयांत रिकाम्या अध्यापकपदांची तक्रार जुनीच आहे, आणि शिकविणारा नसेल तर अल्प शुल्कही महागच पडते.

खर्चिक संस्था कधीच घेऊ नये असा माझा आग्रह नाही. हवा असलेला विषय दुसरीकडे मिळतच नसेल, मुलाने त्या विषयाचे काही काम आधीच हौसेने केलेले असेल, आणि पैसा कर्जाविना उभा राहत असेल, तर खुशाल जावे. या तिन्हींपैकी दोनच अटी पुऱ्या होत असतील तर मी थांबावयास सांगेन. आणि शाखेच्या केवळ नावावर भुलू नये. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ आणि ‘विदाविज्ञान’ या नावांखाली पहिल्या दोन वर्षांत पुष्कळदा तेच गणित आणि तेच संगणकशास्त्र असते. दोन्ही ठिकाणचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचले की हे अर्ध्या तासात कळते.

आता व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. दोन्हीकडे पाय ठेवून राहण्यासाठी आधी एका ठिकाणी शुल्क भरावे लागले, तर पावती जपून ठेवावी. अभियांत्रिकीचा वर्ग सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रियेपोटी फार तर 1,000 रुपये वजा करून बाकी रक्कम परत करावी, असा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे, आणि मूळ गुणपत्रके अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस नाही. मागणी लेखीच करावी. केंद्रीभूत प्रक्रियेत पर्यायांचा अर्ज भरताना क्रमाचे भान ठेवावे, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप कायम होतो आणि पुढील फेऱ्यांतून नाव बाद होते. तेव्हा चर्चा करावयाची ती हा अर्ज भरण्यापूर्वी, मागाहून नव्हे. जामीनदार म्हणून ज्याची सही घ्यावयाची त्यालाही त्या चर्चेला बोलवावे. कर्ज थकले तर नोटीस त्याच्याही नावाने येते. आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून निकालापूर्वीच काढून ठेवावा, कारण निकाल लागल्यानंतर तेथे फार मोठी रांग लागते.