खड्डा आधी बुजव

॥ श्री ॥

मानवत, जि. परभणी
रविवार, दुपार

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले असते तर मला रडू आलं असतं आणि तू "आत्या, काही नाही गं" म्हणून फोन ठेवला असतास. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारी गावाकडून धाकटी काकू आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "ताई, आपलं बाळ गुप्तधन काढाय लागलंय म्हणं?" माझे हातपायच गळाले. गढीमागच्या पांढरीवर, वीरगळाच्या अंगाला, गुडघाभर खोल खड्डा आणि खड्ड्याच्या काठावर पिळलेलं अर्धं लिंबू. सकाळी गुराख्यानं पाहिलं. दुपारपर्यंत पारावर त्या अर्ध्या लिंबाची तीन लिंबं झाली, हळद-कुंकू आलं, काळी कोंबडी आली. रात्री बॅटरीचा उजेड पाहिल्याचं सांगणारे दोघं निघाले. दिवस मावळायच्या आत कुणीतरी तुझं नाव घेतलं.

वहिनीला फोन लावला तेव्हा खरं काय ते कळलं. तुझ्या मित्रानं धातू शोधायचं यंत्र मागवलं, तुम्ही दोघं पुण्याहून आलात, ऊन उतरेपर्यंत थांबून संध्याकाळी पांढरीवर गेलात, तिथंच भेळ खाल्लीत. लिंबू त्या भेळीवरचं. हे मला ठाऊक, वहिनीला ठाऊक. गावाला कोण सांगणार?

बाळा, तू अंधारात का गेलास?

मानवतची गोष्ट तुम्ही पोरांनी 2024 साली मालिकेत पाहिली. मी ती या गावात राहून काढली आहे. अण्णा तेव्हा कापसाच्या आडतीवर मुनीम होते आणि मी शाळेत होते. 1972 चा दुष्काळ, विहिरी आटलेल्या, आणि त्या नोव्हेंबरात गावात पहिला खून झाला. 1974 च्या जानेवारीपर्यंत ते चालूच राहिलं. मेल्या त्या बायका आणि लहान मुली. कशासाठी? तर पिंपळाखालचं धन मिळावं, मूल व्हावं, त्यासाठी म्हणे रक्त द्यावं लागतं. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले तेव्हा कुठं धागा लागला. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. आम्हा पोरींना मात्र त्या निकालानं काही परत मिळालं नाही. अण्णा मला शाळेत सोडायला यायचे, आणायला यायचे. परसाकडं जायचं तर आई कंदील घेऊन पुढं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची शाळा तेव्हा सुटली ती सुटलीच. तिला एकदा तरी घरी जाऊन भेटावं असं फार वाटायचं, पण घराबाहेर सोडणार कोण? ती पुढं कुठं गेली, तिचं लग्न कुणाशी झालं, मला आजही माहीत नाही. ती हुरहुर अजून जात नाही.

तेव्हा "गुप्तधन" हा शब्द आपल्या घरातल्या मुलाच्या नावाला चिकटलेला मी ऐकला, तेव्हा माझं काय झालं असेल ते तूच ताडून बघ.

तू म्हणशील, आता काळ बदलला. बदलला, खरं आहे. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि गुप्तधनासाठी होणारी अघोरी कृत्यं त्यात स्पष्ट लिहिली गेली. पण कायदा का करावा लागला? लोक अजून खणतात म्हणूनच ना! आणि अफवा तर आता पारावर थांबत नाही, मोबाइलवरून तासाभरात दहा गावं फिरते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षुकांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे एवढीच ती अफवा होती. त्या पाचांपैकी कुणी काय केलं होतं? काही नाही. रात्री एखाद्या टेकाडावर दोन अनोळखी सावल्या, हातात दांड्याचं यंत्र, कानाला काहीतरी लावलेलं, पायाशी खड्डा: हे पाहून कुणी तुम्हाला नाव-गाव विचारत बसेल का? तुझा मित्र तर आपल्याकडचा नाही, त्याला कुणी ओळखतही नाही. त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं?

दादाचा राग तुला ठाऊक आहे. वाड्याच्या वाटणीपासून गावात जाताना तो मान खाली घालून जातो. त्यात हे नको.

आता त्या नाण्याबद्दल. तुझ्या स्टेटसवरचा फोटो वहिनीनं मला पाठवला, मी तो मोठा करकरून पाहिला. अर्धं नाणं हिरवं आहे आणि अर्धं चिंच लावून घासल्यामुळे तांबूस लखलखीत. घासलेल्या अर्ध्यावर आता अक्षर नाही, नुसती तकाकी आहे. हिरव्या अर्ध्यात मात्र काठाशी एक वेलांटी दिसते. ती "श्री"ची असेल तर ती शिवराई असायची. शिवराईच्या एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असतं. फोटोवरून मी ठरवू शकत नाही. पण तो हिरवा थर मळ नव्हता रे. तांब्यानं मातीत वर्षानुवर्षं राहून धरलेला तो थर होता आणि त्याच्या आत अक्षरं शाबूत होती. उरलेल्या अर्ध्याला आता हात लावू नकोस. चिंच नको, लिंबू नको, राख नको. कोरड्या कागदात गुंडाळून ठेव.

इतकी वर्षं मुलांना इतिहास शिकवला, म्हणून एक गोष्ट सांगते. आपल्याच गोदावरीच्या काठी, वर सिन्नरजवळ जोगलटेंभीला 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपान क्षत्रपाची, पण त्यातल्या दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला याचा हा ठळक पुरावा. तो पुरावा उभा राहिला कारण साठा एकत्र अभ्यासकांपुढे आला. चार मित्रांनी दोन-दोन नाणी खिशात घातली असती, बाकीची सोनाराकडे गेली असती, तर काय कळलं असतं?

आणि दायमाबाद. प्रवरेकाठी 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. वजन साठ किलोंच्या वर. त्या कोणत्या थरात, कशाशेजारी पडल्या होत्या हे जाणकारांना जागेवर पाहता आलं नाही, म्हणून त्या नेमक्या किती जुन्या यावर अभ्यासकांत वाद राहिला. त्या शेतकऱ्याचा त्यात काही दोष नाही. तू मात्र शिकलेला आहेस. यंत्र तुला एवढंच सांगतं की खाली धातू आहे. वेटोळ्यातून वीज फिरते, चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, धातू लागला की कानात सूर वाजतो. तो सूर बैलाच्या खुराच्या पत्रीला वाजतो, वखराच्या मोडक्या पासेला वाजतो, बाटलीच्या झाकणालाही वाजतो. नाणं कोणत्या थरात होतं, शेजारी राख होती की खापर, चूल होती की भिंत, हे तुझी कुदळ पहिल्या घावात पुसून टाकते. मग ते पुन्हा कुणालाच वाचता येत नाही.

कायदाही ऐकून ठेव. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही जमिनीत पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही. उद्या तुझा मित्र म्हणेल, चारठाण्याला जाऊ, धारासूरला गुप्तेश्वराच्या देवळाकडे जाऊ. जरूर जा, डोळे भरून बघा, पण यंत्र घरी ठेवून. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, नाणं सापडो न सापडो.

रागावले ना मी? रागावायचं नव्हतं. तुला जुन्याची ओढ आहे याचा मला खरं तर आनंदच आहे. आपल्या घरात ती ओढ कुणाला नव्हती. वाड्याचा पाया पुन्हा खणला तेव्हा एका गाडग्यात मूठभर चांदीची नाणी निघाली होती, हे तू दादाकडून ऐकलं असशील. अण्णांनी ती सोनाराकडे दिली आणि माझ्या तोरड्या झाल्या. मी त्या पायात घालून घरभर नाचले. त्या नाण्यांवर काय लिहिलं होतं, कुणाच्या नावाची होती, निजामाची की आणखी आधीची, हे कुणी वाचलं नाही, कुणी विचारलंही नाही. पुढं मी शाळेत नाण्यांचा धडा शिकवायची तेव्हा दर वर्षी ते गाडगं आठवायचं. आता त्या तोरड्या डब्यात आहेत. त्यांत काय वितळलं ते कायमचं गेलं. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये एवढंच वाटतं.

आणि ओढ चांगल्या कामी लागू शकते. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे काही पुरातत्त्व शिकलेले नव्हते. गावच्या पांढरीवर पावसानं उघडं पडलेलं, शेतात वर आलेलं ते आयुष्यभर गोळा करत राहिले: मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, खापरं, हजारो वस्तू. शेवटी तो संग्रह सरकारकडे गेला आणि तेरला संग्रहालय उभं राहिलं, ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. तिथली हस्तिदंती बाई बघायला जगभरचे अभ्यासक येतात, कारण तशीच एक इटलीत पॉम्पेईला सापडली आहे. तू पुण्यात आहेस, डेक्कन कॉलेज तिथून किती लांब? तिथं जा, विचार, शिक. उत्खननात माती कशी सोलतात, थर कसे टिपतात ते बघ. तुझ्यासारखा चिकाटीचा मुलगा त्यांना हवाच असेल.

पण खड्डा बुजवलास का रे? काकू म्हणते अजून तसाच आहे. तिथं गुरं चरतात, लहान पोरं बोरं वेचायला येतात. कुणाचा पाय मोडला तर ते बालंट तुझ्याच माथी येईल, आणि खड्डा उघडा आहे तोवर गावाची जीभही थांबायची नाही.

असं कर. शनिवारी ये, मित्रालाही घेऊन ये. त्यानं घाबरायचं कारण नाही, मी त्याच्यावर रागावलेली नाही. दिवसाउजेडी तिघंही गावात जाऊ. सरपंचाला आणि त्या गुराख्याला बोलावू, सगळ्यांसमोर खड्डा बुजवू, यंत्र कसं चालतं ते पारावर वाजवून दाखवा, लहान पोरांच्या हातात द्या. एकदा सगळ्यांनी पाहिलं की कोंबडी आणि हळद-कुंकू आपोआप गळून पडेल. मग नाणं घेऊन तहसीलला जाऊ. कुठं सापडलं, किती खोल, केव्हा, हे सगळं आठवेल तसं आजच वहीत लिहून ठेव. अर्ज मी लिहून देते, सहीला मीही उभी राहते.

हुरडा आला आहे. मागच्या वर्षी तुझ्या परीक्षेमुळे राहून गेलं होतं. शेंगदाण्याची चटणी करून ठेवते, धपाटेही करते. दादाला मी समजावीन, तू त्याच्याशी वाद घालू नकोस. वहिनी दोन रात्री झोपलेली नाही, तिला आधी फोन कर.

तुझ्यावर माझा विश्वास आहे बाळा, गावावरही आहे. भरवसा नाही तो अंधाराचा. ये, पण दिवसा ये.

तुझी,
आत्या