नाव सोनूबाई, हाती काय?

प्रश्न : गणपतीत घरी आलेल्या भाच्याने मला बसवून ‘स्टार वॉर्स’ दाखवला. मला ती यंत्रमानव घातलेली पौराणिक गोष्ट वाटली. ‘स्टार ट्रेक’, ‘टर्मिनेटर’, ‘गॉडझिला’ या चित्रपटमालिकांचं एवढं नाव आहे, ते त्यांच्या गुणांमुळे की नुसत्या जाहिरातीमुळे? गॉडझिलाबद्दल विचारायला आणखी एक कारण आहे. आमच्याकडे येणारा मुंबईचा पाहुणा गाडीने पालघर सोडलं की हमखास विचारतो, “तुमच्या तारापूरच्या अणुभट्टीजवळच्या पाली केवढ्या होतात हो?” त्याला काय सांगावं? आणि मराठीत अशी एखादी मालिका का नाही?
– एक वाचक, उमरोळी (जि. पालघर)

उत्तर : पालीकडे येऊच, पण आधी तुमच्या मुख्य शंकेतला गुंता सोडवू. या मालिकांचं नाव रास्त आहे का, असं तुम्ही विचारता. गंमत अशी की नाव झालेलं असतं एका, फार तर दोन चित्रपटांचं, आणि पुढचे आठ-दहा त्या पुण्याईवर जगतात. त्यामुळे संपूर्ण मालिकेला एकच निकाल लावायला गेलं की भाचा आणि मामा दोघंही खरं बोलत असूनही भांडण मिटत नाही.

‘स्टार वॉर्स’ तुम्हाला पौराणिक वाटला, यात तुमचं काही चुकलं नाही. जॉर्ज लुकासने १९७७ साली तो बेतलाच तसा. त्यातलं कथानक भविष्यातलं नाही. हे सगळं फार पूर्वी घडून गेलं, असं चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आडबाजूला वाढलेला तरुण, एकांतात राहणारा गुरू, तेजाचं शस्त्र, बंदिवान राजकन्या, सगळी मंडळी हजर आहेत. ते दोन भांडखोर यंत्रमानवही अकिरा कुरोसावाच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या १९५८ च्या जपानी चित्रपटातल्या दोन शेतकऱ्यांवरून सुचलेले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांना घेऊन विमान १९३६ सालीच वैकुंठाला गेलं होतं, आणि दादासाहेब फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या करामती त्याच्याही आधी दाखवल्या होत्या.

मग नाव कशाचं झालं? गोष्टीचं नव्हे, कारागिरीचं. हव्या तशा अंतराळलढाया दाखवू शकणारी कार्यशाळा तेव्हा हॉलीवूडमध्ये नव्हती, म्हणून लुकासने १९७५ मध्ये ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही स्वतःची संस्था काढली. तिथे जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅमेऱ्याची हालचाल यंत्राच्या ताब्यात दिली. त्याचा फायदा असा : कॅमेरा तोच मार्ग त्याच वेगाने हवा तितक्या वेळा चालू शकतो. म्हणजे एका यानाची छोटी प्रतिकृती एकदा टिपायची, दुसरी पुन्हा त्याच हालचालीत टिपायची, तारे वेगळे टिपायचे आणि हे सगळे तुकडे एकावर एक चढवायचे. सांधा दिसत नाही. यानं खरोखर गिरक्या घेत एकमेकांचा पाठलाग करताहेत, असं प्रेक्षकाला पहिल्यांदाच वाटलं. आवाजाचंही तसंच. लेझर बंदुकीचा तो ‘प्यूं’ बेन बर्टने कुठून आणला असेल? रेडिओच्या उंच मनोऱ्याला आधार देणाऱ्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून.

तरीही तुम्हाला तो शिळा वाटला, त्याचं कारण साधं आहे. पुढच्या सगळ्यांनी त्यातलं सगळं उचललं. तुम्ही नकला आधी पाहिल्यात आणि अस्सल नंतर, त्यामुळे अस्सलच नकलेसारखं दिसलं. हे कोणत्याही यशस्वी जुन्या चित्रपटाच्या नशिबी येतंच.

इथे एक गैरसमजही काढून टाकू. विज्ञानपट म्हणजे शास्त्रशुद्ध पट, असं पुष्कळांना वाटतं. तसं मुळीच नाही. अंतराळात हवा नाही, त्यामुळे स्फोटाचा आवाज ऐकू यायचं कारण नाही. ‘स्टार वॉर्स’मध्ये मात्र दिवाळी चाललेली असते. त्यातला हान सोलो आपलं यान किती वेगवान आहे ते सांगताना ‘पार्सेक’ हे एकक वापरतो. पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं, म्हणजे अंतर. बोईसर ते चर्चगेट किती वेळात पोचलात असं विचारल्यावर ‘शंभर किलोमीटरमध्ये’ असं उत्तर देण्यापैकी हा प्रकार. पुढे चाहत्यांनी आणि खुद्द मालिकेनेही त्याचं समर्थन शोधून काढलं, ते सोडून द्या.

जाहिरातीची शंका ‘स्टार ट्रेक’च्या बाबतीत तर अगदीच टिकत नाही. जीन रॉडेनबरीची ही दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली, कारण वाहिनीच्या लेखी ती चालत नव्हती. तिचं नाव झालं ते नंतर, स्थानिक वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली तेव्हा. चाहत्यांनी एवढी पत्रं पाठवली की १९७६ मध्ये अमेरिकेने आपल्या पहिल्या स्पेस शटलचं नाव मालिकेतल्या यानावरून ‘एंटरप्राइझ’ ठेवलं. ते शटल केवळ चाचणीसाठी होतं. अंतराळात ते कधी गेलंच नाही, हा भाग वेगळा! माणसाला क्षणात इकडून तिकडे पाठवणारं त्यातलं यंत्रही कुणा भौतिकशास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेलं नाही. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून ती युक्ती.

‘स्टार ट्रेक’चा लौकिक मी रास्त मानतो, पण वेगळ्या कारणासाठी. अमेरिका-रशिया शीतयुद्ध चालू असताना एकाच यानावर रशियन, जपानी वंशाचा आणि आफ्रिकी वंशाची स्त्री असे अधिकारी बसवायला तेव्हा छाती लागत होती. भारताच्या वाट्याला मात्र यातून विनोदच आला. त्यातला प्रसिद्ध खलनायक खान नूनियन सिंग हा म्हणे उत्तर भारतातला शीख. १९६७ मध्ये आणि नंतर १९८२ च्या चित्रपटात हे काम केलं मेक्सिकोच्या रिकार्डो मोंतालबानने, आणि २०१३ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्यापान इंग्रजाने. उलट १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात खरीखुरी मुंबईकर मुलगी होती : १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा. तिला परग्रहावरची केलं आणि त्यासाठी तिचे सगळे केस काढले.

आता गॉडझिला. तुमच्या पाहुण्यांना तो हास्यास्पद वाटतो, कारण त्यांनी नंतरचा पाहिलेला असतो. पहिला पाहिलेल्या माणसाला, त्यातही किनाऱ्यावरच्या माणसाला, हसू येणार नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. शास्त्रज्ञांचा अंदाज सहा मेगाटनांच्या आसपास होता. स्फोट झाला १५ मेगाटनांचा. धोक्याच्या म्हणून आखलेल्या हद्दीबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी बोट ट्यूनाची मासेमारी करत होती. तिच्यावर पांढरी राख पडत राहिली. बोटीवरच्या सगळ्या २३ जणांना किरणोत्साराची बाधा झाली आणि रेडिओ सांभाळणारे कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. जपानच्या बाजारात मासळीला कुणी हात लावेना. आपला माल चांगला असतानाही गिऱ्हाईक पाठ फिरवतं तेव्हा काय होतं, हे सातपाटीच्या तांडेलाला सांगावं लागणार नाही.

कुबोयामांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांत, ३ नोव्हेंबर १९५४ ला ‘गॉडझिला’ लागला. त्याच्या पहिल्या प्रसंगात समुद्रावर अचानक प्रकाश फाकतो आणि एक बोट नाहीशी होते. जपानी प्रेक्षकाला हे काय चाललंय ते समजावून सांगायची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैन्यात होता आणि युद्धानंतर परतताना त्याने हिरोशिमा पाहिलं होतं. जळतं शहर, इस्पितळात ओळीने निजवलेले जखमी, मुलांवर धरलेलं किरणोत्सार मोजायचं यंत्र; राक्षस बाजूला काढला तर हा जवळजवळ वृत्तपट आहे. राक्षस म्हणजे जाड रबरी पोशाखात घामाघूम झालेला माणूस, हे खरंच आहे. पण तो भीतीला दिलेला आकार आहे, आणि आकार देण्यात होंडा कुठेही चुकलेला नाही. माझ्या मते या सगळ्या मालिकांमध्ये सर्वांत रास्त लौकिक या पहिल्या ‘गॉडझिला’चा.

पाहुण्यांना मात्र गणित सांगा. घरातली पाल असते साधारण १० सेंटीमीटरची. १९५४ चा गॉडझिला ५० मीटरचा, म्हणजे पालीच्या ५०० पट. लांबी ५०० पट झाली की रुंदी आणि जाडीही तितकीच वाढणार, म्हणून वजन होईल ५०० गुणिले ५०० गुणिले ५००, म्हणजे साडेबारा कोटी पट. ते पेलायचं पायांनी. पण पायाची ताकद ठरते त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, आणि ते वाढणार फक्त अडीच लाख पट. थोडक्यात हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर ५०० पट भार. पाल भिंतीवर चढणं राहू द्या, उभीसुद्धा राहणार नाही. शिवाय किरणोत्साराने प्राणी मोठे होत नाहीत. पेशींमधली गुणसूत्रं त्याने मोडतात, म्हणजे आजार होतो, मात्रा मोठी असेल तर मरण येतं.

दुसरा गैरसमज, अणुभट्टीचा बॉम्ब होईल हा. तारापूरच्या १९६९ पासून वीज देऊ लागलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या इंधनात उपयोगी युरेनियमचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं. बॉम्बला ते नव्वद टक्क्यांच्या घरात लागतं. त्यामुळे तसा स्फोट होऊच शकत नाही. काळजी करायची तर ती थंडाव्याची. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातून बराच काळ उष्णता निघत राहते आणि ती सतत काढून घ्यावी लागते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला त्सुनामीने वीज घालवली आणि नेमकं हेच काम थांबलं. तिथल्या आणि तारापूरच्या या दोन अणुभट्ट्या एकाच जातीच्या, उकळत्या पाण्याच्या. म्हणून पाहुण्याने पालीची चौकशी करण्याऐवजी पंपांची आणि राखीव विजेची केली, तर त्याला चार लोक शहाणा म्हणतील.

एवढ्या गंभीर चित्रपटाची पुढे चेष्टा कशी झाली? कारण ओघानेच येतं. भीती विकली गेली की निर्मात्याला ती पुन्हा विकायची असते, पण दुसऱ्यांदा कुणी घाबरत नाही. मग राक्षसासमोर दुसरा राक्षस आणा, मग पहिल्याला चांगला करा, मग तो मुलांचा लाडका. १९७३ च्या भागात तर गॉडझिला शेपटीवर घसरत येऊन प्रतिस्पर्ध्याला हवेतून लाथ मारतो. ‘टर्मिनेटर’ची गत वेगळी नाही. १९८४ चा पहिला कमी पैशांत केलेला आणि घट्ट विणलेला, १९९१ चा दुसरा त्याहून सरस. त्यानंतरचे चार आधीचं पुसून नव्याने मांडण्यातच दमले. आपल्या ‘कोई मिल गया’चं (२००३) बोट धरून आलेल्या ‘क्रिश’मध्येही विज्ञान मागे पडलं आणि मुखवटा पुढे आला.

पण हा उतार अटळ नाही. २०१६ चा ‘शिन गॉडझिला’ फुकुशिमाच्या पार्श्वभूमीवर आला. त्यात राक्षसापेक्षा जास्त वेळ सरकारी बैठका चालतात. कोणत्या खात्याने कुणाला विचारायचं यावर खल होतो आणि तोवर शहर पडतं. शेवटी काँक्रीट ओतायच्या पंपगाड्या आणून गॉडझिलाला आतून थंड करतात. फुकुशिमातही अशाच गाड्यांनी पाणी मारलं होतं. सांगायला नवं काही होतं, म्हणून बासष्ट वर्षांचं जुनं नाव पुन्हा कामाला आलं.

मराठीचं म्हणाल तर आपल्याकडे कल्पनेचा तुटवडा कधीच नव्हता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी निकाल लावू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं आणि अक्षरही दुसऱ्याचं वापरलं. तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात मला हे फार आवडतं : लौकिक बाजूला ठेवून गोष्ट तपासा, असं लौकिकवान माणूसच म्हणत होता. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. पण कागदावर कृष्णविवर उभं करायला शाई पुरते, पडद्यावर कार्यशाळा लागते. मराठी चित्रपटाचं गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे तेवढा खर्च निघत नाही. ‘फुंतरू’सारखा प्रयत्न २०१६ मध्ये झाला, पण एका चित्रपटाची मालिका होत नाही. माझी तक्रार खर्चाबद्दल नाहीच. होंडाच्या हाती रबराचा पोशाख आणि पुठ्ठ्याचं शहर होतं. आपल्या किनाऱ्यावर बंदरं, कारखाने, अणुवीज आणि मासेमारी एकमेकांना खेटून उभी असताना तिथली भीती नीट ओळखणारा पटकथालेखक अजून पुढे आलेला नाही, ही आहे.

भाचा दिवाळीला येईल तेव्हा त्याच्याबरोबर ‘टर्मिनेटर’चे पहिले दोन पाहा आणि तिसरा लावू देऊ नका. ‘स्टार ट्रेक’मधला १९८२ चा खानवाला पुरे. ‘गॉडझिला’ शोधताना मात्र साल बघून घ्या. १९५६ ची अमेरिकी आवृत्ती सहज हाती लागते. तिच्यात मूळ चित्रपट कापून मध्ये रेमंड बर नावाचा अमेरिकी नट पत्रकार म्हणून घुसवला आहे, आणि बॉम्बबद्दलचं बोचरं बोलणं बरंचसं उडवलं आहे. तुम्हाला हवा तो १९५४ चा, ९६ मिनिटांचा, जपानी.