तुटलेला स्टड काढताना: आधी गंज सोडवा, मग जोर लावा

पवईहून साकी विहार रोडने साकीनाक्याकडे निघाले की वाटेत दुरुस्तीची लहानमोठी गॅरेजेस लागतात. पावसाळा संपल्यावर अशाच एका गॅरेजात आम्ही बसलो होतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा नट खोलताना ८ मि.मी.चा स्टड तुटला. शागीर्दाने घाईघाईने भोक पाडले, त्यात एक्स्ट्रॅक्टर ठोकला आणि जोर लावला. एक्स्ट्रॅक्टरही आतच तुटला. तो इतका कडक पोलादाचा असतो की साधे ड्रिल त्यावर चालत नाही. शेवटी हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागले. दोन दिवस गेले, मजुरी बुडाली आणि गिऱ्हाईकाशी वाद झाला तो वेगळाच.

चूक कोठे झाली? बहुतेक वेळा आटे गंजाने धरलेले असतात म्हणून स्टड तुटतो. लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापतो आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. अख्ख्या जाडीचा स्टड जिथे पान्याचा जोर सोसू शकला नाही, तिथे त्याच्या पोटात बसवलेला बारीक एक्स्ट्रॅक्टर काय सोसणार? म्हणून आधी गंजाची पकड सोडवावी, फिरवण्याचे काम नंतर. क्रम असा ठेवावा:

१. गंज सोडवणारे तेल मारून काही तास, जमल्यास रात्रभर मुरू द्यावे. अधूनमधून स्टडच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत.

२. स्टडचे टोक वर असेल तर वाइस ग्रिपने धरावे. एकाच दिशेने रेटू नये, थोडे मागे, थोडे पुढे करीत राहावे. आटे कोणत्या हाताचे आहेत तेही आधी पाहावे. जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत.

३. तेल पुसून भोवतालचा भाग तापवावा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते, त्यामुळे पकड ढिली होते. मात्र ॲल्युमिनियम लाल न होताच सुमारे ६६० अंशांवर वितळते, हे विसरू नये.

४. तरी हलला नाही तर तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरावे. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड फुगून गंज चिरडतो आणि थंड होताना आकसतो. म्हणून थोडे निवल्यावरच पाना लावावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी, पेट्रोल दूर ठेवावे.

५. एवढ्यानेही न निघाल्यास ड्रिल घ्यावे. टोक कानसीने सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा. भोक तिरपे गेले की हेडचे आटे गेले. उलट्या हाताचे ड्रिल मिळाले तर उत्तम, कित्येकदा भोक पाडतानाच स्टड बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर लावलाच तर हाताला तो पिळतोय असे वाटताच थांबावे.

६. शेवटचा उपाय म्हणजे स्टड पूर्ण पोखरणे. ८ मि.मी.च्या सव्वा पिचच्या आट्याला ६.८ मि.मी.चे आणि १० मि.मी.च्या दीड पिचला ८.५ मि.मी.चे ड्रिल लागते. मग टॅप फिरवून आटे साफ करावेत. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल बसवावे. ही सर्व कामे चष्मा लावूनच करावीत.

आता धंद्याची गोष्ट. गंजलेला स्टड दिसताच, पाना लावण्यापूर्वीच गिऱ्हाईकाला तो दाखवावा. हा तुटू शकतो, तुटला तर वेळ आणि खर्च इतका वाढेल, हे तोंडावर सांगावे. तुटण्याआधी सांगितले तर गिऱ्हाईक सल्ला म्हणून ऐकते. तुटल्यावर सांगितले तर तीच गोष्ट त्याला सबब वाटते, आणि मग कारागिराला हक्काची मजुरीही मागता येत नाही.