मुक्या जीवाचे दुखणे आणि आपली करुणा

धम्मवर्गात पहिले शील शिकविताना 'प्राणिहिंसेपासून अलिप्त राहणे' एवढा अर्थ सांगून आपण पुढे जातो. परंतु घरातीलच एखादा मुका जीव असाध्य दुखण्याने पडला, की या शीलाचा खरा अभ्यास सुरू होतो. आमच्यावर तसा प्रसंग आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा मोती दहा वर्षांचा. रस्त्यावरून मुलांनी उचलून आणलेले पिल्लू. एका पहाटे त्याला झटका आला. पाय ताणले गेले, तोंडाला फेस आला. पुढे तो एकाच बाजूने गोल फिरू लागला, भिंतीला डोके टेकून उभा राहू लागला. उतारवयात कुत्र्याला पहिल्यांदाच झटके येऊ लागले तर मेंदूत गाठ असल्याची शंका घ्यावी लागते, असे पशुवैद्यांनी सांगितले. भूल देऊन एम.आर.आय. केला. गाठ निघाली, तीही खोलवर.

तीन मार्ग

पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा. मेंदूच्या आवरणातून वाढणारी 'मेनिंजिओमा' ही गाठ कुत्र्यांत सर्वांत जास्त आढळते. ती पृष्ठभागाजवळ असली तर काढता येते. दुसरा मार्ग किरणोपचाराचा. त्याने पुष्कळदा वर्षभराचे आयुष्य मिळते. पण उपचार अनेक वेळा द्यावे लागतात आणि दर वेळी भूल द्यावी लागते. तिसरा मार्ग केवळ आराम देण्याचा. सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन आणि झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन. याने गाठ जात नाही. बहुधा काही आठवडे ते काही महिने मिळतात. तहान, भूक, लघवी वाढते, सुस्ती येते. झटक्याचे औषध एकाएकी बंद करायचे नसते, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

पहिल्या दोन मार्गांचा खर्च आमच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा होता. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मुक्या जिवापुढे पैशाचा हिशेब मांडताना आम्हांला लाज वाटली. पण तो हिशेब न मांडणे हेही खरेपणाचे नव्हते.

जीवकाचा प्रश्न

अशा वेळी विनयपिटकाच्या महावग्गातील जीवकाची कथा आठवते. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला सात वर्षे डोक्याचा विकार होता. वैद्यांनी आशा सोडली होती. जीवकाने त्याची कवटी उघडून आतील दोन किडे काढले व त्याला बरे केले. परंतु शस्त्र हाती घेण्यापूर्वी त्याने रोग्याला विचारले, 'सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहणे तुला जमेल काय?' म्हणजे उपचार करता येतो काय, एवढेच पाहून चालत नाही. रोग्याला तो सोसेल काय, हेही पाहावे लागते.

त्याच ग्रंथात चांगल्या रोग्याचे पाच गुण सांगितले आहेत. आपले दुखणे शुश्रूषा करणाऱ्याला खरेखरे सांगणे हा त्यांतला एक. मोतीला ते शक्य नव्हते आणि त्याला विचारणेही शक्य नव्हते. म्हणून त्याच्या वतीने आम्हीच पाहायचे होते. गाठ खोल होती, उपचाराचे ठिकाण दूर होते आणि परक्या हातांत तो थरथर कापत असे. आम्ही तिसरा मार्ग घेतला.

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अॅलिस विलालोबोस यांनी २००४ साली अशा वेळी तपासावयाच्या सात गोष्टी मांडल्या. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करू लागलो. चांगल्या दिवसाला टिक, वाईट दिवसाला फुली.

शील आणि शेवट

अकराव्या आठवड्यात फुल्या वाढल्या. झटक्यामागून झटके येऊ लागले. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांतपणे शेवट करण्याचे सुचविले. मग प्रश्न आला, शीलाचे काय?

करुणेपोटीही प्राण घेऊ नये, असे थेरवादी परंपरेतील अनेक भिक्खू मानतात. त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. परंतु बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा अर्थ उलगडताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी भेद दाखविला. म्हणून आम्ही स्वतःला विचारले, आमच्या मनात काय आहे? त्याचे दुःख थांबविणे, की आमचा त्रास टाळणे?

उत्तर मिळाल्यावरही आम्ही चार दिवस लावले. 'उद्या बरे वाटेल' असे म्हणत राहिलो. शेवटी मोतीचे डोके मांडीवर घेऊन त्याला निरोप दिला. ते चार दिवस आम्हांला आजही बोचतात. कारण ते मोतीसाठी नव्हते, आमच्या आसक्तीसाठी होते. आणि सोसले मात्र त्याने. तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, हे आम्ही पाठ केले होते. त्या दिवसांत ते समजले.

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या बरोबरीने पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था नोंदविली आहे. गिरनारच्या शिळेवर तो लेख आजही आहे. तो वारसा आपला आहे. विद्यार्थी मित्रांनी एवढेच ध्यानी घ्यावे, की प्रज्ञेवाचून करुणा आंधळी आणि करुणेवाचून प्रज्ञा कोरडी. निर्णय कोणताही घ्या, पण जो सोसतो आहे त्याच्याकडे पाहून घ्या.

नमो बुद्धाय! जय भीम!