थांबणारे पुष्कळ, वाकणारा एक

मैंदर्गीत माझं औषधांचं दुकान आहे. अक्कलकोटहून दुधनीमार्गे गाणगापूरला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. स्वामी समर्थांचं दर्शन घेऊन दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या इथून बाराही महिने धावतात, गुरुवारी आणि पौर्णिमेला तर त्यांची रीघच लागते. गळीत हंगामात त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. १ जानेवारी २०२५ रोजी याच अक्कलकोट-मैंदर्गी रस्त्यावर गाणगापूरला निघालेले नांदेडचे चार भाविक अपघातात गेले. ती बातमी राज्यभर पोचली. ज्यांची बातमी होत नाही असे अपघात मात्र आम्हीच बघतो. रस्त्यावर काही झालं की माणसं कापूस-पट्टीसाठी माझ्या दुकानाकडे पळत येतात, आणि मीही पेटी उचलून त्यांच्यामागे जातो. माणुसकी संपली असं लोक सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, आणि अडतं कुठं, ते अनुभवातून जसं कळलं तसं सांगतो.

१. लोक थांबतात, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबतात

दिवेलागणीची वेळ होती. उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मोटारसायकलवरचं जोडपं मागून येऊन धडकलं. मी पोचलो तेव्हा भोवती चांगली गर्दी जमली होती. सगळे हळहळत होते. "कुठल्या गावचे म्हणे?" "लई लागलंय की ओ!" दोघा-तिघांचे मोबाइल चित्रीकरणासाठी बाहेर आलेले. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन कुणी लावला, असं विचारलं तर सगळे गप्प. दुसऱ्या कुणी तरी लावला असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई गर्दीतून आत शिरली. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडला, त्याची घडी केली आणि त्या माणसाच्या मांडीवरच्या जखमेवर दोन्ही हातांनी गच्च दाबून धरली. मग मान वर करून ओरडली, "बघत काय उभे राहिलात? बॅटरी धरा की इकडं!" त्या एका वाक्यासरशी गर्दीचा रंगच पालटला. एकानं मोबाइलचा उजेड धरला, दोघं रस्त्यात उभे राहून गाड्या हळू करायला लागले, एक जण गाडी शोधायला गावाकडे पळाला. मघाशी चित्रीकरण करणाऱ्या पोरानंच त्या बाईच्या शेजारी बसून जखमी बायकोची मान स्थिर धरली. माणसं तीच होती. सुरुवात कुणी करायची, एवढंच अडलं होतं.

जॉन डार्ली आणि बिब लताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोग करून हेच दाखवलं. बघणारे जितके जास्त, तितकी जबाबदारी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते. पण गर्दीवर फुली मारायचंही कारण नाही. २०१९ साली अ‍ॅमस्टरडॅम, केपटाउन आणि लँकेस्टर या शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचे २१९ कॅमेरा-व्हिडिओ संशोधकांनी तपासले. दहांपैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं, आणि बघे जास्त असले की कुणी तरी पुढे येण्याची शक्यताही वाढलेली दिसली. मला दोन्ही निष्कर्ष खरे वाटतात, कारण दोन्ही मी याच रस्त्यावर पाहिले आहेत.

२. "कुणी तरी फोन लावा" असं म्हणू नये

बोट दाखवून सांगावं. "निळा शर्ट, मामा, तुम्ही १०८ लावा, आणि लागला की मला सांगा." ज्याला काम मिळतं तो जागचा हलतो.

फोन लावणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्रातली १०८ची सेवा २६ जानेवारी २०१४पासून सुरू आहे आणि तिचे फोन पुण्यात उचलले जातात. 'पाटलांच्या मळ्याजवळ' म्हणून त्यांना काही कळत नाही. तालुका अक्कलकोट, मैंदर्गीच्या अलीकडे की पलीकडे, तोंड कुठल्या बाजूला, किलोमीटरच्या दगडावर आकडा काय, असं सांगावं. दुधनीच्या पुढे हद्दीलगत मोबाइल कधी कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो. तेव्हा आपण महाराष्ट्रातून बोलतोय हे पहिल्या वाक्यात सांगून टाकावं.

३. न थांबणारा दुष्टच असतो असं नाही, त्याला घाई असते

गाणगापूरला दुपारच्या माधुकरीचं महत्त्व मोठं. ती वेळ गाठायची म्हणून गाड्या सुसाट जातात. जखमी माणूस दिसतो, वेग क्षणभर कमी होतो, आतून हात जोडले जातात आणि गाडी पुढे जाते. आधी मला या लोकांचा संताप यायचा. आता वाटतं, त्यांच्या मनात वाईट नसतं, मनात घड्याळ असतं. १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रिन्स्टनचा एक प्रयोग याच्याशी तंतोतंत जुळतो. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्याख्यान द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत विव्हळणारा माणूस बसवला. काहींना तर विषयही वाटेवरच्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या गोष्टीचाच दिला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना फार उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के.

आपल्याकडे नाथांची गोष्ट पोरासोरांना ठाऊक आहे. काशीहून कावडीत आणलेली गंगा रामेश्वराला वाहायची सोडून एकनाथ महाराजांनी ती वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातली. यात्रा तिथंच पूर्ण झाली, असंच आपण मानत आलो. मग गाणगापूरच्या वाटेवर थांबलेल्या भाविकाची सेवा दत्तापर्यंत पोचणार नाही, असं कशावरून?

४. खरी भीती रक्ताची नाही, चौकशीची

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माणसं इथंच मरतात.

एका जीपवाल्याला मी म्हटलं, "अण्णा, टाका गाडीत, अक्कलकोटला नेऊ." तो म्हणाला, "नेतो, पण दवाखान्याच्या दारात सोडून निघणार. मागं एकाला नेलं तर मलाच दिवसभर बसवून ठेवलं. वर तारखा." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पूर्वी हे सर्रास घडायचं. २०१३ साली सेव्हलाइफ फाउंडेशननं सात शहरांत विचारणा केली, तेव्हा ७४ टक्के लोकांनी आपण बहुधा मदत करणार नाही असं सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी पोलीस-कोर्टाच्या कटकटीचं कारण दिलं. ही संस्था काढणाऱ्या पीयूष तिवारींच्या नात्यातला १७ वर्षांचा मुलगा २००७ साली दिल्लीत अपघातानंतर बराच वेळ रस्त्यावर पडून राहिला. लोक जमले, पण कुणी उचललं नाही. पोरगा गेला.

त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं, २०२० साली त्याचे नियम झाले. आता तुम्ही चांगल्या हेतूनं जखमीला उचललं आणि तो दगावला तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. झालात, तर तुमच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या ठिकाणी, एकदाच विचारपूस. जखमीला आधी उपचार देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, हे तर न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं होतं.

आणखी दोन गोष्टी. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २०२१पासून ५,००० रुपये देत होतं, २०२५मध्ये 'राहवीर' योजनेत ती रक्कम २५,००० झाली. आणि मे २०२५च्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैशाशिवाय मिळण्याची तरतूद आहे. 'पैसे कोण भरणार' या भीतीनं गाडी पुढे काढणाऱ्यांनी एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ होईल.

पण हे माहीत कुणाला आहे? २०१८च्या पाहणीत ८४ टक्के लोकांना न्यायालयानं दिलेल्या या संरक्षणाचा पत्ता नव्हता. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, तेव्हा आजही बरेच जण म्हणतात, "खरं सांगताव का?"

५. पाणी, कांदा, चप्पल

मदतीची घाई झालेली माणसं आधी पाणी पाजतात. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखाना गाठा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, मिनिटामिनिटाला उचलून बघू नका. मान आणि पाठ वाकू न देता उचला.

६. अनोळखी माणसाभोवती माणसं जमली तर कान टवकारा

अपघातातच मदत लागते असं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं आठवडी बाजारात पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरची, मेलेली माणसं खरी. त्या बाजारात थांबवू पाहणारे आवाज उठलेही असतील, पण ते फार कमी पडले. आमचं गाव वाटेवरचं आहे, इथं रोज परकी माणसं येतात. कुणाभोवती कोंडाळं झालं, आवाज चढले, की पहिली कानफटीत बसायच्या आत मध्ये बोलावं, पोलिसांसाठी ११२ला फोन करावा. हाणामारी सुरू झाल्यावर एकट्याचं कुणी ऐकत नाही.

७. दवाखान्यात सोडून काम संपत नाही

घरच्यांना फोन करणं राहतं. पाकीट, मोबाइल, मंगळसूत्र चार माणसांसमोर मोजून ताब्यात द्यावं लागतं. कलबुर्गीकडची माणसं असली तर "हेदरब्याड्री" एवढं कानडीत म्हटलं तरी हातावरची त्यांची पकड सैल पडते. आमच्याकडे घराघरात दोन्ही भाषा आहेत, त्यांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. मदत करणाऱ्याचे हक्क सांगणारा फलक हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत दर्शनी भागात लावणं प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयावर २०२०च्या नियमांनी बंधनकारक आहे. पुढच्या वेळी आपल्या गावच्या दवाखान्यात जाल तेव्हा तो मराठी फलक आहे का बघा. नसेल तर मागा, लेखी मागा. सीमेवरच्या आमच्यासारख्या गावांत कानडीतही लावायला सांगा.