सिंदखेडच्या जाधवांची वंशावळ

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा हे एक लहानसे गाव आहे. तेथील राजवाड्याचा भव्य दरवाजा, मोती तलाव आणि लखुजीराव जाधवांची विशाल समाधी पाहिली, म्हणजे या गावाने एके काळी मोठे वैभव भोगले होते, हे सहज ध्यानात येते. त्या वैभवाची साक्ष जशी दगडांत आहे, तशीच ती जाधव घराण्याच्या वंशावळीतही आहे.

वंशावळ म्हणजे कुळातील पिढ्यांची क्रमवार नोंद. सर्वांत वर मूळ पुरुषाचे नाव, त्याखाली पुत्रांची आणि त्यांच्याखाली नातवांची नावे, अशी तिची मांडणी असते. जुन्या काळी वंशावळ केवळ अभिमानासाठी ठेवीत नसत. देशमुखी, पाटिलकी यांसारखी वतने बापाकडून मुलाकडे जात. वतनाचा तंटा उभा राहिला, की थोरली शाखा कोणती आणि धाकटी कोणती, याचा निवाडा करताना वंशावळ पुढे ठेवावी लागे. म्हणूनच घराणी हे कागद जिवापाड जपत.

सिंदखेडचे जाधव आपले मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. देवगिरीचे राजे रामदेवराव यांच्यावर १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने स्वारी केली. पुढे थोड्याच वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले आणि देवगिरीला दौलताबाद हे नाव मिळाले. रामदेवरावांपासून लखुजीरावांपर्यंत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे. त्यातील प्रत्येक पिढीला त्या त्या काळचा लेखी पुरावा मिळत नाही. अशा वेळी इतिहासकार वंशावळ एकदम खरी मानीत नाहीत, किंवा खोटी म्हणून फेकूनही देत नाहीत. शिलालेख, ताम्रपट आणि जुनी पत्रे यांच्याशी ते ती ताडून पाहतात.

लखुजीरावांच्या काळात मात्र पुराव्याचा उजेड पडतो. ते निजामशाहीतील बलाढ्य सरदार होते. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी हे त्यांचे पुत्र. लखुजीराव काही काळ मोगलांना जाऊन मिळाले होते; पुढे ते परतले, तरी निजामशहाच्या मनातील संशय गेला नाही. २५ जुलै १६२९ रोजी ते आपल्या माणसांसह दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेले. तेथे दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी त्यांच्यावर घाला घातला. लखुजीराव, अचलोजी, राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे ठार झाले. वंशावळीत ही नावे तीन पिढ्यांच्या तीन ओळींत येतात. परंतु त्यांच्या मृत्यूचा दिवस एकच आहे. ज्या किल्ल्यावरील राजवंशाशी ते आपले नाते सांगत, त्याच किल्ल्यावर त्यांचे रक्त सांडले.

तथापि वंश खुंटला नाही. बहादूरजी सुटून सिंदखेडला पोहोचले. पुढे मराठ्यांचे सेनापती झालेले धनाजी जाधवही याच कुळातले.

जुन्या वंशावळींत एक मोठी उणीव आढळते. त्यांत बहुधा पुरुषांचीच नावे लिहीत. वतन मुलाकडे जाई, त्यामुळे मुलीचे नाव नोंदण्याची गरज कोणाला वाटत नसे. लखुजीरावांना एक कन्या होती. तिचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडच्या वाड्यात झाला, असे मानतात. दौलताबादच्या त्या घातामुळे तिचे वडील, दोन भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले. त्या दुःखानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर तिने एका पुत्राला जन्म दिला. ती कन्या म्हणजे जिजाबाई आणि तो पुत्र म्हणजे शिवाजी महाराज.

दर वर्षी १२ जानेवारीला हजारो लोक सिंदखेड राजा येथे येतात. वंशावळीतील पराक्रमी पुरुषांची सर्व नावे त्यांना ठाऊक नसतात. ते येतात, ते त्या कन्येला वंदन करण्यासाठी.

स्वाध्याय

१. जुन्या काळी घराणी वंशावळ का जपत असत?
२. वंशावळीची सत्यता इतिहासकार कशी पडताळतात?
३. जुन्या वंशावळींत कोणती उणीव आढळते? तिचे कारण काय?
४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या कुळाच्या चार पिढ्यांची वंशावळ तयार करा. तीत मुलींची व सुनांची नावेही लिहा.